गॅप विमा घेण्याआधी मोटर विम्याची पातळी कशी तपासावी: ब्रिटनमधल्या गाडीमालकांसाठी

ब्रिटनमध्ये हप्त्यांवर गाडी घेताना गॅप विम्याचा विषय निघतोच. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार निकामी झाली, तर मोटर विमा कंपनी त्या वेळचा बाजारभाव देते. तुम्ही मोजलेली किंमत किंवा फेडायचं उरलेलं कर्ज आणि हा बाजारभाव यांतली तफावत गॅप विमा भरून काढतो. मात्र गॅपचा क्लेम बहुतेक वेळा मोटर विम्याच्या क्लेमवर उभा असतो. खालचा नामंजूर झाला, की वरचाही जातो. म्हणून सुरुवात मोटर विम्यापासून करा.

१. आपली पातळी शोधा

विम्याच्या सर्टिफिकेटवर गाडी कोण चालवू शकतं आणि कशासाठी, एवढं कळतं. संरक्षणाची पातळी पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तुमच्या पॉलिसीचे तपशील देणाऱ्या कागदात असते, तेव्हा ते काढून वाचा. पातळ्या तीन. नुसता थर्ड पार्टी ही कायद्याने लागणारी किमान पातळी. त्यात तुमच्यामुळे इतरांचं झालेलं नुकसान भरून मिळतं, तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. थर्ड पार्टी, आग व चोरी यात नावाप्रमाणे आग आणि चोरीची भर पडते. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये चूक तुमची असली, तरी तुमच्या गाडीचं नुकसान भरून मिळतं.

२. आपल्या गाडीचा हिशेब मांडा

समजा गाडी 24,000 पौंडांना घेतली. दोन वर्षांनी बाजारभाव 15,000 आणि कर्ज 17,500 उरलंय. ओल्या रस्त्यावर गाडी घसरून भिंतीवर आदळली, दुसरं कोणी गुंतलेलं नाही, आणि गाडी निकामी ठरली.

कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल, तर मोटर विमा 15,000 धरून, एक्सेस (क्लेममधला तुम्ही स्वतः सोसायचा ठरावीक वाटा) वजा करून पैसे देईल. बिलाच्या किमतीपर्यंत भरपाई देणारा गॅप असेल, तर त्यावर 9,000 मिळतील. फक्त कर्जाची तफावत भरणारा असेल, तर 2,500. आता हाच अपघात थर्ड पार्टी, आग व चोरीवर झाला असं धरा. मोटर विम्याकडून शून्य, म्हणून गॅपकडूनही शून्य. गाडी नाही आणि 17,500 डोक्यावर! गॅपचा प्रीमियम भरलेला असूनही. माझ्या मते विकत घेताना सगळ्यात आधी समजावून सांगायला हवी ती ही गोष्ट.

३. गॅपच्या अटींत नेमकं वाक्य शोधा

‘पात्रता’ आणि ‘काय समाविष्ट नाही’ हे दोन भाग सावकाश वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये संपूर्ण मुदतभर कॉम्प्रिहेन्सिव्ह चालू असण्याची अट असते. म्हणजे थर्ड पार्टी, आग व चोरी असताना गाडी चोरीला गेली आणि मोटर विम्याने पैसे दिले, तरी गॅप अडू शकतो. मधल्या काळात पैसे वाचवायला पातळी खाली आणली, तरी तेच. शिवाय थर्ड पार्टी स्वस्तच पडेल असं धरून चालू नका. कधीकधी कॉम्प्रिहेन्सिव्हचाच भाव कमी येतो. दोन्हींचे भाव मागवा. हप्त्यांच्या करारातही बहुधा कॉम्प्रिहेन्सिव्हची अट असते, तो करारही बघून घ्या.

एक्सेसचंही विचारा. काही गॅप पॉलिसी तो ठरावीक मर्यादेपर्यंत देतात, काही अजिबात देत नाहीत.

४. पहिल्या वर्षाचं दुहेरी संरक्षण टाळा

गाडी कोरी असेल आणि तुम्ही पहिले मालक असाल, तर कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत बरेचदा पहिल्या वर्षात निकामी झालेल्या गाडीऐवजी नवी गाडी देण्याची तरतूद असते. ती तुमच्याकडे असेल, तर तेवढ्या काळात गॅपची गरज फारशी उरत नाही.

५. शोरूममध्येच सही करू नका

सप्टेंबर 2015 पासून डीलरला गॅपची माहिती देऊन त्याच दिवशी तो विकता येत नाही. तो मधला वेळ वापरा. शेड्यूल आणि गॅपच्या अटी शेजारी ठेवून वाचा, इतर विक्रेत्यांचे भाव बघा. गाडी घेतल्यानंतर ठरावीक दिवसांतच गॅप घेता येतो, तेवढी मुदत मात्र चुकवू नका.

६. क्लेमची वेळ आली तर

मोटर विमा कंपनीने रक्कम सांगितली, की लगेच हो म्हणू नका. आधी गॅप कंपनीला फोन करा. त्यांना न विचारता कमी रकमेवर तडजोड केली, तर तफावत कापली जाऊ शकते. बाजारभाव कमी लावलाय असं वाटलं, तर त्याच मॉडेलच्या, तेवढ्याच वर्षांच्या आणि तेवढ्याच चाललेल्या गाड्यांच्या जाहिराती जमवून लेखी तक्रार करा. कंपनीचं अंतिम उत्तर पटलं नाही किंवा आठ आठवड्यांत आलंच नाही, तर फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे ग्राहक आणि वित्त कंपन्यांमधले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. ग्राहकाला त्यासाठी शुल्क लागत नाही.