बदकाच्या तळव्याची गाठ: घरी उपचार करताना या चुका टाळा

बदक मुळातच डुलत चालतं, त्यामुळे ते लंगडायला लागलंय हे लवकर ध्यानात येत नाही. आमची चंदी, पांढऱ्या पेकिन जातीची बदकी, सकाळी खुराड्यातून सगळ्यांच्या आधी बाहेर यायची. ती शेवटी यायला लागली तेव्हा कुठे मी तिला उचलून तळवा पाहिला. मधोमध मसुरीएवढी काळी खपली आणि भोवतीची कातडी ताणलेली. याला पशुवैद्य बंबलफूट म्हणतात. तळव्याला बारीक चीर पडते, तिथून जंतू आत शिरतात, बरेचदा स्टॅफिलोकॉकस जातीचे, आणि आत गाठ धरते. लवकर सापडली तर ती घरच्या घरी बरी होऊ शकते. पण घरी करताना काही चुका सर्रास होतात, आणि साधं दुखणं थेट हाडापर्यंत जाऊन पोचतं.

न धुता, नुसतं बघून ठरवणं

वाळलेला चिखल आणि खपली लांबून सारखीच दिसते. आधी कोमट पाण्यात पाय स्वच्छ धुवा आणि मगच पाहा. पेकिनचे पाय नारिंगीच असतात, लाली सहज दिसत नाही. म्हणून दोन्ही तळव्यांना एकामागून एक बोट लावा. एक गरम लागत असेल, फुगलेला असेल, दाबल्यावर बदक पाय ओढून घेत असेल, तर आत जंतू आहेत. नुसती जाड, कोरडी, पिवळट कातडी असेल, गरम नसेल, दुखत नसेल, तर तो घट्टा. त्याला औषध नको, पायाखालची जमीन मऊ करा.

तळवे स्वच्छ आहेत आणि तरी बदक लंगडतंय, तर तळव्याच्या नादी लागू नका. लहान पिल्लू असेल तर खाणं तपासा. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकाच्या पिल्लांना नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात, घोटे सुजतात, आणि कितीही मलम चोळलं तरी उपयोग होत नाही.

गाठ दाबून पू काढायला जाणं

ही चूक मी स्वतः केली आहे. आपल्याला गळू झालं की ते पिकतं, फुटतं आणि पू वाहून गेला की बरं वाटतं. पक्ष्याचं तसं नसतं. पक्ष्याचा पू पातळ होत नाही, तो पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. दाबल्यावर तो बाहेर येत नाही, उलट आजूबाजूच्या मांसात आणखी खोल ढकलला जातो. चंदीची गाठ मी दोन दिवस दाबली. तिसऱ्या दिवशी सूज बोटांच्या मुळापर्यंत आली होती आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

दाढीच्या पात्याने खपली कापून आतला गोळा काढल्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. कृपा करून ते घरी करू नका. तळव्याच्या आत लगेचच शिरा आणि बोटं हलवणारे स्नायुबंध असतात. बधिर न करता कापणं म्हणजे त्या मुक्या जिवाचे हाल, आणि एक स्नायुबंध तुटला तर ते बोट कायमचं गेलं.

गाठ छोटी असेल तर शेक पुरतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवा. दहा-पंधरा मिनिटं पाय त्यात बुडवून ठेवा, दिवसातून एक-दोन वेळा. पाणी आपल्या मनगटाला सुखद लागेल इतकंच गरम असावं. बदक ते पाणी पीत नाही ना, हे बघत बसायचं; पोटात गेलं तर जुलाब होतात. खपली मऊ होऊन आपसूक सुटली तर सुटू द्या, नखाने उचकटू नका.

हाताशी असेल ते लावणं

जखम म्हटली की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. पण स्वयंपाकातली हळद निर्जंतुक नसते, ती जखमेत थापल्यासारखी बसते आणि खाली लाली वाढतेय की कमी होतेय हेच दिसेनासं होतं. जेंशन व्हायोलेटचं तेच. सगळा तळवा जांभळा झाला की तपासणार काय? चुना, रॉकेल, पाणी न घातलेलं डेटॉल यांनी तर कातडी भाजते. पोटॅशियम परमँगनेटचे खडे नीट न विरघळता पायाला लागले तरी तेच होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड पहिल्यांदा घाण काढायला एकदा वापरलं तर ठीक, पण रोज ओतलं तर भरत आलेली नवी कातडीही मरते.

बेटाडीन चांगलं, पण बाटली वाचून घ्या. सोल्युशन वेगळं आणि स्क्रब वेगळं. स्क्रबमध्ये साबण असतो, तो पिसांना लागला तर पिसांवरचं तेल धुऊन जातं आणि बदक पाण्यात भिजतं. सोल्युशन पाण्यात घालून कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा, जखम पुसा आणि पाय पूर्ण कोरडा करा.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत खाज-गजकर्णाची एक ट्यूब असतेच. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं. ती अजिबात लावू नका. पक्ष्यांना कातडीवर लावलेलं स्टिरॉइडही बाधतं आणि जंतूंशी लढायची ताकद आणखी कमी करतं. ज्या मलमात बधिर करणारं औषध आहे, म्हणजे नावाच्या शेवटी ‘केन’ येतं असं काही, तेही नको.

वेदनाशामक गोळी आपल्या मनाने कधीच देऊ नका. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन आपल्या देशातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन लाखोंनी मेली, आणि 2006 साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. पक्ष्याच्या शरीराला माणसाच्या औषधाचा हिशोब लागू पडत नाही. अँटिबायोटिकचंही तेच. डॉक्टरांनी दिलं तर त्या दिवसांतली आणि नंतर ते सांगतील तितक्या दिवसांची अंडी खायची नाहीत.

ओली पट्टी तशीच राहू देणं

बदक आणि कोरडी पट्टी यांचं जमत नाही, त्यामुळे इथे आळस चालत नाही. जखमेला चिकटणार नाही असं गॉज, त्यावर स्वतःलाच चिकटणारी लवचीक पट्टी, बोटांच्या मधून हलक्या हाताने फिरवायची. बोटांमधला पडदा दुमडला जाता कामा नये. बांधल्यावर तासाभराने बोटं पाहा: गार किंवा सुजलेली वाटली तर पट्टी आवळली आहे. ओली झाली की ताबडतोब बदला, एरवी रोज. ओल्या पट्टीपेक्षा उघडी, कोरडी जखम शंभर पटीने बरी.

धरायची पद्धतही महत्त्वाची. कोंबडी धरतात तसं बदकाला पायाला धरून उचलू नका, त्याचे पाय तो भार सोसत नाहीत. पंख अंगाशी मिटवून, टॉवेलात गुंडाळून काखेत घ्या. हातात मोजे घाला. हे जंतू आपल्या जखमेतही जाऊ शकतात.

पाय बरा केला, जमीन तशीच

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. चंदीचा एक पाय बरा झाला आणि दोन महिन्यांत दुसऱ्या पायाला गाठ आली, तेव्हा मी पहिल्यांदा खुराड्याची जमीन नीट पाहिली. आमच्याकडे चिऱ्याची फरशी. जांभा दगड दिसायला मऊ वाटतो, पण हात फिरवा, खरवडतो. त्यावर साडेतीन-चार किलोचं पेकिन दिवसभर चालतं आणि रात्री फळीवरून धपकन उतरतं. पावसाळ्यात अंगणात सतत ओल, कातडी भिजून मऊ, आणि विष्ठेचा चिखल. एवढं असल्यावर चीर पडायला वेगळं कारण लागत नाही. खाकी कॅम्बेल ही जात हलकी, तिला तितका त्रास होत नाही.

आता आम्ही खाली गोठ्यात घालतात ती रबरी मॅट अंथरली आहे, वर भाताचं तूस आणि पेंढा. ओलं झालेलं रोज सकाळी काढतो. तूस कुबट वास मारत असेल तर वापरू नका. बुरशीने बदकांच्या फुप्फुसांना आजार होतो. पाण्याचं टोपलं झोपायच्या जागेपासून लांब, गोल गोट्यांच्या थरावर, म्हणजे सांडलेलं खाली झिरपतं. उंच फळी काढून टाकली. आणि शिळी पोळी, भात घालणं कमी केलं, कारण वजन वाढलं की तळव्यावरचा भारही वाढतो.

आजारी बदकाला एकटं कोंडलं तर ते खाणं सोडतं. जाळीपलीकडे एखादी जोडीदारीण दिसत राहू द्या. तळं बंद असलं तरी चोच आणि नाकपुड्या बुडतील इतकं खोल भांडं हवंच.

‘अजून दोन दिवस बघू’ म्हणत राहणं

चार दिवसांच्या नीट काळजीनंतरही सूज कमी नाही, सूज तळव्यातून वर घोट्याकडे सरकतेय, दुर्गंध येतोय, किडे दिसले, पाय अजिबात टेकत नाही किंवा खाणं थांबलं, यातलं एक जरी झालं तरी घरचा उपचार थांबवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करा. जंतू हाडात किंवा सांध्यात गेले की मलमाने काहीच होत नाही.

सगळं ठीक चाललं तर खपली पडते आणि खाली पातळ, नवी कातडी दिसते. त्या दिवशीच तळं उघडू नका. ती कातडी बोटाला बाकीच्या तळव्यासारखी लागेपर्यंत कोरड्या पेंढ्यावरच ठेवा, नंतर आधी स्वच्छ पाण्याच्या टबात, थोडा वेळ. चंदीला मी तसंच सोडलं. ती टबात उतरली आणि लगेच दोन्ही पायांनी पाणी मारायला लागली.