मोडीतला लष्करी ट्रेलर घरी आणण्याची तयारी : आधी स्टेपनी

अमेरिकी लष्कराने वापरून मोडीत काढलेला आणि लिलावात घेतलेला एम ११०१ जातीचा आमचा दुसरा ट्रेलर येत्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील बार्स्टोहून फिनिक्सला आणायचा आहे. पहिला ट्रेलर आम्ही तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आणला. त्या खेपेला मी कागदपत्रांची फाईल रंगीत चिठ्ठ्या लावून तयार केली होती, डबे भरले होते, ट्रेलर जोडायचा पिंटल हुक महिनाभर आधी आणून ठेवला होता. पण त्या ट्रेलरच्या चाकाला चालेल अशी स्टेपनी मात्र घेतली नव्हती. लडलो सोडून नीडल्सकडे जाताना भर वाळवंटात उजवा टायर फुटला आणि पुढचे दोन दिवस व दोन रात्री आम्ही त्या एका चाकाची वाट पाहत काढल्या. ओळखीतील दोन मराठी कुटुंबे सहलींसाठी असाच ट्रेलर घेण्याच्या विचारात आहेत आणि तयारी काय करावी हे त्यांनी विचारले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. क्रम महत्त्वाचा असल्यामुळे सुरुवात स्टेपनीपासूनच करते.

हा ट्रेलर हमव्ही या लष्करी गाडीच्या मागे, तिच्याच चाकोरीतून चालावा म्हणून बनवलेला आहे; त्यामुळे त्याची चाकेही हमव्हीचीच असतात. त्या रिमचा व्यास १६.५ इंच असतो. हे माप नागरी वाहनांतून जवळपास हद्दपार झालेले आहे, आणि रस्त्याकडेच्या टायरच्या दुकानात ते मिळेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. आम्ही नीडल्समध्ये विचारले, तेव्हा दुकानातील माणसाने माप ऐकूनच नकार दिला. त्याच्याकडे १६ इंचाचे टायर होते. अर्धा इंच कमी आहे, तर तेवढे बसवून द्या, असे मी त्याला सुचवले. ते त्याने केले नाही, हे त्याचे आमच्यावर उपकारच आहेत. १६.५ इंचाच्या रिमवर टायरची कड जिथे टेकते ती बैठक अधिक उतरती असते, आणि त्यावर १६ इंचाचा टायर चढवून हवा भरली तर तो फुटून माणूस मरू शकतो. कोणी कितीही खात्रीने सांगितले, तरी हा प्रयोग करू देऊ नये. अखेर फिनिक्सहून एका मित्राने हमव्हीचे जुने चाक आणून दिले आणि मग आमची सुटका झाली.

तेव्हा स्टेपनी घर सोडण्याआधी विकत घ्यावी. ट्रेलरसोबत ती मिळेल असे गृहीत धरू नये. लिलावाच्या वर्णनात स्पष्ट लिहिलेली नसेल, तर ती मिळणार नाही असेच समजावे. नुसता टायर नव्हे, तर रिमवर चढवलेले, हवा भरलेले पूर्ण चाक घ्यावे, आठवडाभर अंगणात ठेवावे आणि हवा उतरते का ते पाहावे. टायरच्या कडेवरील डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तपासावेत. त्यांतील पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आमच्या फुटलेल्या टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण तो अकरा वर्षांचा होता. वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रेलरचा टायर झिजत नाही, तो उन्हाने वाळतो आणि त्याच्या कडांना बारीक भेगा पडतात. लिलावाच्या छायाचित्रात नक्षी दिसते, भेगा दिसत नाहीत. रिमला आठ बोल्ट असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास ६.५ इंच असतो. हे माप काही नागरी ट्रकांशी जुळते, म्हणून पुष्कळ लोक आपल्या ट्रकचे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचे, चाक अडीअडचणीला चालेल असे मानतात. चाक किती आत किंवा बाहेर सरकून बसते ते वेगळे असते, हे ते विसरतात. जे चाक त्या ट्रेलरला नक्की बसते तेच न्यावे.

नुसती स्टेपनी नेऊनही भागत नाही. त्या चाकाचे वजन शंभर पौंडांहून अधिक असते, त्यामुळे ते उचलायला दोन माणसे हवीत. ते ट्रकच्या हौद्यात पट्ट्यांनी बांधून ठेवावे, आणि त्यावर सामान रचू नये; ते लागेल तेव्हा घाईनेच लागेल. ट्रकसोबत मिळालेला जॅक ट्रेलरच्या उंचीला अपुरा पडतो, म्हणून चांगला बॉटल जॅक घ्यावा, आणि त्याखाली ठेवायला जाड लाकडी फळी घ्यावी. रस्त्याकडेच्या वाळूत फळीशिवाय जॅक वर जाण्याऐवजी खाली जातो. ट्रकचा पाना ट्रेलरच्या नटांना लागेलच असे नाही, त्यामुळे सॉकेटचा पूर्ण संच आणि लांब दांडा जवळ ठेवावा.

येथे एक गोष्ट अत्यंत गंभीरपणे सांगावीशी वाटते. हमव्हीची रिम दोन भागांची असते आणि ते दोन भाग नटबोल्टांनी एकमेकांना जोडलेले असतात. चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. आतील वर्तुळातील आठ नट चाक हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, धरून ठेवतात. चाक काढताना फक्त तेच सोडायचे असतात. बाहेरील वर्तुळातील नट रिमचे दोन भाग एकत्र धरतात. टायरमध्ये हवा असताना ते सोडले तर दोन्ही भाग स्फोटासारखे सुटतात, आणि अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. घरी, दिवसाउजेडी, आतील आठ नटांवर रंगाने खूण करून ठेवावी. अंधारात दमलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबू नये.

आता कागदपत्रे. लिलाव जिंकल्याची पावती, पैसे भरल्याचा पुरावा, माल उचलण्याची ठरलेली वेळ आणि ओळखपत्र या गोष्टी सर्वांनाच ठाऊक असतात. एसएफ ९७ हा सरकारी कागद मात्र बोली लावण्यापूर्वीच विचारून घ्यावा, कारण मालकीची नोंद करण्यासाठी तोच उपयोगी पडतो आणि तो प्रत्येक विक्रीसोबत दिला जाईलच असे नसते. माल उचलण्याची जागा लष्करी तळाच्या आत असेल, तर प्रवेशाचे नियम तळाचे असतात. आपल्यापैकी जे अजून व्हिसावर आहेत त्यांनी आत जाता येईल का, हे आधी लेखी विचारावे. फाटकावर जाऊन तेथे विनवण्या करण्यात अर्थ नाही. विमा कंपनीला फोन करावा, आणि ट्रेलर राज्याबाहेरून आणण्यासाठी लागणारा तात्पुरता परवाना आपल्या राज्याच्या वाहन विभागाकडून घेऊन ठेवावा.

जोडणीबद्दल. या ट्रेलरच्या पुढे गोळ्यावर बसणारी वाटी नसते, तर सुमारे ३ इंच आतल्या व्यासाची जाड लोखंडी कडी असते. तिला पिंटल हुक लागतो. हुकाची उंची कमीजास्त करता येईल अशी पट्टी घ्यावी, कारण ट्रेलर पुढे किंवा मागे कलला की तो रस्त्यावर डोलू लागतो. रिकाम्या एम ११०१ चे वजन सुमारे १,४६० पौंड आणि भरल्यावरची मर्यादा ३,४०० पौंड असते, म्हणजे साधारण पिकअप तो सहज ओढतो; पण त्यात परतीच्या वाटेवर लाकूडफाटा भरून आणण्याचा मोह टाळावा. कडी आणि हुक यांच्यात थोडी मोकळीक असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात खणखणाट होतो, त्याला घाबरू नये. हुकाचा खिळा अडकवलेला आहे की नाही, हे मात्र दर थांब्याला हाताने चाचपून पाहावे. ट्रेलरच्या सुरक्षा साखळ्यांचे आकडे पिकअपच्या कड्यांना जाड पडतात, म्हणून दोन मजबूत शॅकल न्याव्यात आणि साखळ्या दांडीखालून एकमेकींवरून तिरक्या न्याव्यात.

दिव्यांच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. लष्करी ट्रेलरचे दिवे २४ व्होल्टचे असतात आणि त्यांचा प्लग १२ पिनांचा. आपल्या ट्रकला १२ व्होल्ट आणि ४ किंवा ७ पिनांचा प्लग असतो. तेथे उभे राहून तारा जोडत बसू नये. ओढून न्यायच्या वाहनांवर तात्पुरते लावतात ते दिवे विकत घ्यावेत. ते बहुधा लोहचुंबकाने चिकटवायचे असतात आणि या ट्रेलरचा हौदा ॲल्युमिनियमचा असतो, त्यामुळे ते त्याला चिकटत नाहीत. क्लॅम्प, रबरी पट्टे आणि भरपूर प्लास्टिकचे टाय न्यावेत. घरीच ट्रकला जोडून ब्रेकचा दिवा आणि दोन्ही इंडिकेटर तपासावेत. यात आम्हाला काही अडचण आली नाही, कारण याची तयारी केली होती. स्टेपनीची केली नव्हती.

आदल्या रात्री बार्स्टोमध्ये मुक्काम करावा आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. ट्रेलर ताब्यात आला की लगेच जोडून निघू नये. प्रथम दोन्ही टायरांवरील तारखा व भेगा पाहाव्यात, हवा थंड असतानाच मोजावी, आणि ट्रेलरवरील पाटीवर दिलेल्या आकड्याइतकी भरावी. हवा कमी असलेला टायर वेगात अधिक दबतो, दबल्याने तापतो आणि तापल्याने फुटतो. आमच्या बाबतीत जुने रबर, कमी हवा आणि जूनचे ऊन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्यानंतर पार्किंगच्या ब्रेकचे दोन्ही दांडे, डावा आणि उजवा, पूर्ण सोडलेले आहेत याची खात्री करावी. एक दांडा अर्धवट राहिला तरी ते चाक घासत जाते. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. करकर ऐकू आली किंवा चाक डगमगले, तर बेअरिंगमधील ग्रीस वाळले आहे किंवा आत पाणी गेले आहे असे समजावे, आणि गावातच ते काम करून घ्यावे. चाक उचललेले आहेच, तर त्याच वेळी स्टेपनी एकदा प्रत्यक्ष चढवून पाहावी. होय, फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत, सगळे पाहत असताना. ती बसते, नट पुरेसे आवळले जातात, पाना लागतो, हे तेथेच कळले पाहिजे.

बार्स्टो ते नीडल्स हा आय ४० मार्गावरील टप्पा सुमारे १४५ मैलांचा आहे. लडलो पहिल्या ५० मैलांच्या आसपास येते आणि त्यानंतर नीडल्सपर्यंत पेट्रोलपंप अगदी थोडे आहेत. फोनला रेंज नसलेले पट्टेही लागतात. उन्हाळ्यात नीडल्सचे तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या वर जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून जून ते सप्टेंबर हा प्रवास करूच नये. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, ती पाळावी. मागून येणारे ट्रक कितीही जवळ आले तरी पाळावी. पहिल्या १० मैलांवर थांबावे, हबजवळ हात नेऊन उष्णता पाहावी, नट पुन्हा आवळावेत. मग लडलोला, मग दर ५० मैलांना. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागला, तर पुढे जाऊ नये. ट्रेलर मागून ट्रकला रेटू लागला की त्याचा ब्रेक आपोआप लागतो, त्यामुळे नीडल्सच्या अलीकडील लांब उतारावर ट्रक खालच्या गिअरमध्ये ठेवावा, नाहीतर ट्रेलरचे ब्रेक तापतात. माणशी दोन गॅलन पाणी, टोप्या आणि सावलीसाठी एक ताडपत्री बरोबर असावी. त्या दिवशी ट्रकच्या सावलीत अडीच तास बसून राहावे लागले होते. सासूबाई बरोबर होत्या, त्यांचे पाय सुजले, आणि एका चाकाच्या हलगर्जीपणामुळे त्यांना तो त्रास झाला याची खंत मला अजूनही आहे.

ॲरिझोनात शिरल्यावर वेगमर्यादा वाढते, आपला वेग वाढवू नये. किंगमनला जेवण, हब, नट. तेथून पुढे यूएस ९३ ने विकेनबर्गमार्गे घर. अंधार होण्याआधी पोहोचता येत नसेल तर किंगमनलाच राहावे.

घरी आल्यावर चाकांना ठोकळे, मग पार्किंग ब्रेक, मग ट्रेलरचा पुढचा आधाराचा पाय खाली, आणि त्यानंतरच कडी हुकातून काढावी. नोंदणी त्याच आठवड्यात. टायर दोन्ही नवे. स्टेपनी गॅरेजच्या कोपऱ्यात न ठेवता ट्रेलरच्या पुढील बाजूला कंस बसवून त्यावर कायमची लावावी. आमच्या पहिल्या ट्रेलरला ती तशीच लावलेली आहे, आणि नोव्हेंबरमध्ये तीच काढून बार्स्टोला न्यायची आहे.