‘ब्रोकरेज नाही’ म्हणणाऱ्या जाहिरातीतून सुटका

कोल्हापूरच्या राजारामपुरीत वन बीएचके, भाडं नऊ हजार, ‘थेट मालकाकडून, ब्रोकरेज नाही’. फोन केला तर उचलला एजंटनं. फ्लॅट बघायचेच पाचशे, ठरलं तर एक महिन्याचं भाडं, वर ‘ॲग्रीमेंट खर्च’ सहा हजार! शिवाय फोटोतल्या खिडकीतून रंकाळा तलाव दिसत होता. राजारामपुरीतून इतक्या लांबचा रंकाळा? काय राव!

मी एकच धरून बसलो: आधी लाईट बिलाचा फोटो पाठवा, नाव-पत्ता दिसला पाहिजे. तिथंच एजंट भाऊंचा आवाज बसला.

मग संध्याकाळी गल्ल्या पालथ्या घातल्या. किराणा दुकानदाराला सगळं ठाऊक असतं. त्यानंच एका काकांचा वरचा मजला सुचवला.

करार आम्ही ऑनलाइन नोंदवला. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का (परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज त्यात धरतात), महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. सहा हजार कुठले? काका नोंदणीला जरा कुरकुरले, पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाचीच आहे, हे दाखवल्यावर तयार झाले. डिपॉझिट बँकेतूनच दिलं, आकडा करारात घालून.