लिहून दिलं, पैसे कधी? नागपुरातल्या एका फ्रीलान्स लेखिकेचा अनुभव

२०२२ च्या जूनमध्ये मेट्रोने सीताबर्डीला जात होते. छत्रपती चौकाच्या आसपास खिडकीतून एक मोठं होर्डिंग दिसलं. एका गृहप्रकल्पाची जाहिरात होती आणि तिच्यावरची ओळ माझी होती, अक्षर न् अक्षर माझी. काम लिहून देऊन अडीच महिने उलटले होते आणि त्या कामाचा एक रुपयाही माझ्या खात्यात आलेला नव्हता.

काम रामदासपेठेतल्या एका जाहिरात एजन्सीचं होतं. माहितीपुस्तिका, वेबसाइटची नऊ पानं आणि होर्डिंगच्या ओळी, मिळून ३६,००० रुपये. सगळं फोनवर ठरलं. समोरचा माणूस गोड बोलणारा होता, ओळखीतून आला होता, म्हणून लेखी काही मागायचं मला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण संकोच वाटला.

हा संकोच कुठून येतो, यावर मी नंतर बराच विचार केला. आपल्याकडे लिहिण्याच्या पैशाला ‘मानधन’ म्हणतात. शब्दातच आधी मान, मग धन. प्लंबर काम झालं की पैसे मागतो, त्यात कुणाला गैर वाटत नाही. लिहिणाऱ्याने मागितले की तो व्यवहारी ठरतो. मी माझ्या बिलावरून तो शब्द काढून टाकला. आता तिथे ‘लेखन शुल्क’ असं लिहिते. एवढ्याशा बदलाने माझा स्वतःचा आवाज बदलला, हे मी अनुभवाने सांगते. नव्याने या कामात येणाऱ्यांनी हे करून बघावं.

मे महिन्यात मी दोनदा त्या एजन्सीत गेले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत कूलरच्या ओल्या खसचा वास. प्लास्टिकच्या खुर्चीवर तासभर बसल्यावर साहेब आले. ‘ताई, करून राहिलो ना! बिल्डरकडून आले की पहिले तुमचे.’ मी मान हलवून परत आले. आज तसं करणार नाही. माझा व्यवहार एजन्सीशी होता. बिल्डरने त्यांना दिले की नाही हा त्या दोघांचा प्रश्न. मधला माणूस असला की हे वाक्य हमखास ऐकू येतं, म्हणून काम घेतानाच विचारायचं: ‘तुमच्या क्लायंटचे पैसे उशिरा आले तरी माझे ठरल्या तारखेला मिळतील ना?’ तिथे तो चाचरला, तर तिथेच समजायचं.

आणि पैसे मागायला गेलो की पैसे नाही, तारीख मागायची. ‘कधी देता?’ याला ‘लवकरच’ हे उत्तर चालून जातं. ‘कोणत्या तारखेला?’ याला चालत नाही. तारीख मिळाली की घरी पोचायच्या आत मेसेज टाकायचा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे १२ तारखेला रक्कम जमा होईल, धन्यवाद.’ पुढे कागद दाखवायची वेळ आली तर हेच मेसेज कामी येतात. जो माणूस फक्त कॉलवरच बोलतो आणि मेसेजला कधीच उत्तर देत नाही, त्याच्याबाबतीत तर हे आणखी गरजेचं.

माझी सुटका झाली ती आयकराच्या साइटवर. ऑगस्टमध्ये सहज फॉर्म २६एएस उघडला. आपल्या नावावर कुणी किती कर भरला ते त्यात दिसतं. त्या एजन्सीच्या नावापुढे माझ्या पॅनवर ३,६०० रुपये टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापलेला कर, जमा दिसला. म्हणजे त्यांनी माझं बिल हिशेबात धरलं होतं, १० टक्के कापून सरकारकडे भरलेही होते. माझे उरलेले ३२,४०० मात्र त्यांच्याकडेच. ‘आम्ही हे काम दिलंच नव्हतं’ किंवा ‘काम पसंत पडलं नाही’ हे म्हणायला आता त्यांना जागा उरली नाही. थकबाकीदार क्लायंट असेल तर आपल्या पॅनवर त्याने टीडीएस भरलाय का, ते नक्की बघा. (कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो. माझं उत्पन्न तेव्हा कमी होतं, त्यामुळे ते ३,६०० परत मिळाले.)

मग धंतोलीतल्या एका वकीलबाईंकडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. त्यांनी मला माहीत नसलेली एक गोष्ट तिच्यात घातली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो लेखकच असतो आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखकाच्या सहीचा लेखी कागद लागतो. मी असा कागद दिलेलाच नव्हता. नोटीस पोचल्यावर अकराव्या दिवशी फोन आला. २५,००० वर तडजोड झाली. ७,४०० गेले. मी आणखी ताणून धरायला हवं होतं का? तेव्हा दमले होते, म्हणून घेतले. आता माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी एक ओळ असते: पूर्ण रक्कम मिळाल्यावरच मजकुराचे हक्क दिले जातील.

वकीलबाईंनी आणखी एक विचारलं, ‘उद्यम नोंदणी आहे का?’ म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. नव्हती. असती तर माझी बाजू कितीतरी भक्कम झाली असती. अशा छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा. त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाला, म्हणजे सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत क्लायंटकडून पैसे मिळालेच पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते, ती थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. निकालाला वेळ लागतो, पण बऱ्याच ठिकाणी तक्रारीचा नुसता उल्लेखही पुरतो. शिवाय एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी दाखवता येतो, आधी नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचे सीए स्वतःच त्यांच्या मागे लागतात.

नोंदणी आधारवर होते, फुकट होते. सर्चमध्ये वर येणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका, सरकारी पोर्टलच उघडा. आणि ती आज करा, कारण काम करून दिल्यावर केलेली नोंदणी त्या जुन्या कामाला लागू होईलच असं नाही. मी पुढच्याच आठवड्यात केली.

नवीन क्लायंटकडून मी आता निम्मे पैसे आगाऊ घेते. त्यावरून काही जण निघून जातात. सुरुवातीला वाईट वाटायचं. एका कोचिंग क्लासवाल्यांनी ‘आधी नमुन्याचे चार लेख द्या, मग बघू’ म्हटलं. चार लेख हा नमुना नसतो, ते कामच असतं. मी माझे जुने तीन लेख दाखवले, ते पुन्हा बोलले नाहीत. इतवारीतल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्यांनी मात्र काही न विचारता आगाऊ रक्कम पाठवली. त्यांच्याकडे मालाचा बयाणा देण्याची रीतच आहे. जुन्या धाटणीचे दुकानदार लिखाणाची किंमत करत नाहीत हा माझा समज त्यांनी मोडला.

उशिरा देणारा आणि बुडवणारा यांत फरक करायला शिका. काही ठिकाणी महिन्याच्या ठरावीक तारखेलाच पैसे सुटतात. अशा वेळी काम देणाऱ्या संपादकाशी भांडून उपयोग नाही, हिशेब बघणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर घ्यायचा, तोच खरा धागा. बुडवणारा फोन उचलत नाही, मध्येच माणूस बदलतो आणि पैशाचा विषय निघाला की अचानक तुमच्या मजकुरात चुका काढू लागतो. रागाच्या भरात त्याचं नाव सोशल मीडियावर टाकू नका, अब्रुनुकसानीचा उलटा दावा अंगावर येऊ शकतो. थकलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा करायची मुदत साधारण तीन वर्षं असते. तेवढ्यात काय ते करायचं.

माझ्या टेबलावर एक शंभर पानी वही आहे. बिल नंबर, पाठवल्याची तारीख, देय तारीख आणि फोनवर कोण काय बोललं, एवढंच तिच्यात असतं. आज दोन ओळी उघड्या आहेत. एकीची मुदत शुक्रवारी संपते. तिथल्या हिशेबाच्या बाई अकराला जागेवर येतात, तेव्हा फोन करणार आहे.