साडीवर तेल सांडलं? आधी पावडर टाका
लग्नाच्या पंगतीत भजी नाहीतर मसालेभातावरचं तूप साडीवर पडलं की सगळे पहिलं पाणी लावायला धावतात आणि तिथेच डाग पसरतो. घरात साधी टाल्कवाली पावडर असतेच (डब्यावर टाल्क लिहिलंय ना बघा, म्हणजे शंखजिरं, नखाने ओरखडेल इतकं मऊ, त्यामुळे रेशमाला घासलं जात नाही).

१. टिश्यूने वरचं तेल नुसतं टिपून घ्या, चोळू नका.
२. डागावर जाड थर पावडर टाका, खाली जुना सुती रुमाल ठेवा.
३. रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी पावडर जरा चिकट, पिवळसर दिसते, म्हणजे तेल ओढलंय.
४. मऊ ब्रशने झटका, उरलं असेल तर परत एकदा.

सुती शर्ट असेल तर नंतर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब लावून धुवा, पैठणीला मात्र पाणी नकोच. हळदीचा पिवळा रंग याने जात नाही, फक्त तेल जातं.

डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री अजिबात नको, आणि झटकताना खिडकी उघडी ठेवा, तान्हं बाळ असेल तर दुसऱ्या खोलीत, ती धूळ छातीत जायला नको.