नोकरी सांभाळून दीर्घकथा लिहिताना: याद्यांचा उपयोग

नोकरी करून दीर्घकथा किंवा कादंबरी लिहू पाहणाऱ्यांची वेळ पुरत नसल्याची तक्रार खरी असली, तरी त्याहून मोठी अडचण दोन बैठकींच्या मधल्या खंडाची असते. रविवारी लिहिलेली पाने पुढच्या शनिवारी उघडली की नायिकेच्या मावशीचे नाव काय ठेवले होते, घर विकल्याचे धाकट्याला कळले आहे की नाही, हे आठवण्यातच सकाळ निघून जाते. ठाण्याहून महापेच्या कार्यालयात ये-जा करत लिहिताना मला याद्या उपयोगी पडल्या त्या हा खंड भरून काढण्यासाठी. ‘आज अमुक प्रसंग संपवायचा’ अशा कामांच्या याद्या मात्र मी लवकरच सोडून दिल्या, कारण त्या चार दिवसांत शिळ्या होतात आणि मागे नुसती रुखरुख ठेवतात.

नव्याने लिहिणाऱ्यांनी सर्वांत आधी सालवारीची यादी करावी. तिला तीन रकाने पुरतात: साल, कथेत काय घडते आणि त्या वेळी गावात काय होते. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात. ठाणे-नवी मुंबईसारख्या झपाट्याने पालटलेल्या भागाविषयी लिहिताना नेमका तोच सर्वाधिक कामाला येतो. समजा, नायक १९९८ साली नौपाड्यात राहतो आणि तुर्भ्याला कारखान्यात नोकरी करतो. आजच्या सवयीने आपण त्याला ठाणे-वाशी लोकलमध्ये बसवून मोकळे होतो, परंतु त्या मार्गावरची प्रवासी वाहतूक २००४ मध्ये सुरू झाली. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ पासून होती. म्हणजे गाडीनेच जायचे तर त्याला उलट दिशेने कुर्ल्याला जाऊन हार्बर मार्गाने वाशी गाठावी लागणार, नाहीतर कळव्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याने बस धरावी लागणार. एकदा बस ठरली की तिच्यात रोज भेटणारी माणसे, वाहतुकीची कोंडी आणि घरी परतायला होणारा उशीर हे सारे कथेत येते, आणि नवरा-बायकोचे रात्रीचे भांडणही वेगळ्या कारणाने सुरू होते. त्याच नायकाचे वडील १९७५ मध्ये नळाच्या पाण्याची तक्रार घेऊन निघाले असतील, तर ते नगरपालिकेत जातील, कारण ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. कथा २६ जुलै २००५ च्या पावसाची असेल, तर यादीत वारही हवा: तो मंगळवार होता, त्यामुळे माणसे सकाळी कामावर गेलेली होती आणि परतीच्या वाटेवर अडकली.

सालवारी भरताना शंका निघतात, आणि प्रत्येक शंकेपाशी लेखणी थांबवून मोबाइलवर शोधत बसले की लिहिणे तिथेच संपते. मी मजकुरात त्या जागी नुसता चौकोन काढतो आणि प्रश्न शंकांच्या यादीत टाकतो. या यादीची विभागणी उत्तर कुठे मिळेल त्यावरून करावी: काही ग्रंथालयात, काही घरातल्या वडीलधाऱ्यांकडे, काही प्रत्यक्ष जागेवर जाऊन. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे, पण तिथेही ‘जुन्या ठाण्यावर काही आहे का’ असे विचारण्यापेक्षा नेमके प्रश्न घेऊन जावे. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. काकांना ‘तुमच्या वेळचे सांगा’ म्हटले की तासभर ऐकायला मिळते आणि कथेच्या उपयोगाचे हाती काही लागत नाही. ‘रॉकेलच्या रांगेत घरातले कोण उभे राहायचे, आणि डबा कोणता न्यायचा?’ असे विचारले की डब्याच्या वाकलेल्या कडीसकट उत्तर येते.

दुसरी महत्त्वाची यादी म्हणजे कोणाला काय ठाऊक आहे याची. वाड्याच्या पुनर्विकासावरून फाटलेल्या तीन भावंडांची एका मैत्रिणीची कथा मी खर्ड्यात वाचली होती. थोरल्याने करारावर सही केल्याचे बहिणीला पाचव्या प्रकरणात कळते, पण चौथ्यातच ती वहिनीला म्हणते, ‘भाडे कधीपासून द्यायला लागणार बिल्डर?’ वाक्य इतके झकास होते की ते काढण्याऐवजी मैत्रिणीने यादी बदलली: बहिणीला आधीपासून माहीत होते आणि ती न कळल्याचे सोंग करत होती. कथा त्यामुळे सुधारली. प्रत्येक प्रकरणाखाली पात्रांची नावे आणि त्यांना त्या घटकेला असलेली माहिती लिहून ठेवली की अशा जागा दिसू लागतात. रहस्यकथेलाच हे लागते असे नाही. कौटुंबिक कथेत दडवादडवी बहुधा अधिक असते.

नावांची यादी छोटीशी असते, पण सुनंदा, सुनीता आणि सुमन एकाच घरात आल्या तर वाचकाची दमछाक होते, हे तिच्यात चटकन दिसते. गाळलेल्या परिच्छेदांचीही एक ओळीची नोंद ठेवावी, म्हणजे काटछाट करताना जीव तुटत नाही.

पात्राचा आवडता रंग, राशी, लहानपणचा आजार अशा तपशिलांचे तयार तक्ते भरण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. ते भरताना लिहिल्याचे समाधान मिळते आणि प्रसंग एकही लिहून होत नाही. जी नोंद खर्ड्यातल्या एखाद्या वाक्यामुळे करावी लागली, तेवढीच यादीत ठेवावी. याद्या वहीत कराव्यात की मोबाइलवर, याचा फार विचार करू नये. गर्दीच्या लोकलमध्ये वही उघडता येत नाही म्हणून माझ्या शंका मोबाइलवर असतात आणि सालवारी वहीत.

कथा पक्की झाल्यावर पाठवणीची यादी लागते. दिवाळी अंकांचे साहित्य पुष्कळदा पावसाळ्यातच मागवले जाते, म्हणून अंकाचे नाव, शब्दमर्यादा, पाठवल्याची तारीख आणि उत्तर असे रकाने आखावेत. नकार कळवला जातोच असे नाही. तेव्हा किती दिवस वाट पाहून, एकदा विचारणा करून, कथा दुसरीकडे पाठवायची, ती तारीखही पाठवतानाच त्याच ओळीत लिहून टाकावी.