शिकाऊ लायसन्स, संगणक परीक्षा आणि सहा महिन्यांचे गणित

महाराष्ट्रात वाहन चालवण्याचे लायसन्स काढताना सर्वाधिक गोंधळ मुदतींचा होतो. कागदपत्रांची यादी सर्वांना ठाऊक असते. पण शिकाऊ लायसन्स हाती आल्यावर पक्क्या लायसन्सच्या चाचणीला कधी जायचे, नापास झाल्यास किती थांबायचे आणि तोवर शिकाऊ लायसन्स जिवंत राहील का, याचा हिशेब अर्ज भरण्यापूर्वीच मांडून ठेवणे आवश्यक आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार शिकाऊ लायसन्स सहा महिने वैध असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ते मिळाल्यापासून किमान 30 दिवस पूर्ण झाल्याखेरीज पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. म्हणजे 1 जूनला शिकाऊ लायसन्स मिळाले, तर चाचणीचा मार्ग 1 जुलैला खुला होतो आणि 30 नोव्हेंबरला बंद होतो. वरवर पाहता हे पाच महिने भरपूर वाटतात आणि तेथेच लोक निर्धास्त होतात. चाचणीत अपयश आल्यास सात दिवसांनंतरच पुन्हा बसता येते. तीन वेळा अपयश आले, तर शेवटच्या चाचणीपासून 60 दिवस उलटल्याशिवाय चौथी संधी मिळत नाही. आता पहिली चाचणी जुलैच्या आरंभी दिली आणि दुर्दैवाने तिन्ही प्रयत्न फसले, तरी 60 दिवसांची प्रतीक्षा सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत संपते आणि हाती दोन महिने उरतात. हीच पहिली चाचणी नोव्हेंबरात दिली, तर प्रतीक्षा संपण्यापूर्वीच शिकाऊ लायसन्सची मुदत संपलेली असते. मुदत संपलेल्या शिकाऊ लायसन्सवर चाचणी देता येत नाही, त्यामुळे पुन्हा नवा अर्ज आणि नवे शुल्क, अशी सुरुवात मुळापासून करावी लागते. मोठ्या शहरांतील आरटीओमध्ये चाचणीची वेळ हवी त्या दिवशी मिळेलच असे नसते, हेही या हिशेबात धरावे. म्हणून माझा आग्रह असा की गाडीवर पुरेसा हात बसला असेल, तर 30 दिवस पूर्ण होताच मिळणारी पहिली सोयीची तारीख घ्यावी आणि सहाव्या महिन्याच्या भरवशावर मुळीच राहू नये.

या सर्वांच्या आधी येते ती शिकाऊ लायसन्ससाठीची संगणकावरील परीक्षा. अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. वयाची अट गिअर नसलेल्या 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी 16 वर्षे आणि पालकांची संमती, इतर खासगी वाहनांसाठी 18 वर्षे, तर व्यावसायिक वाहनांसाठी 20 वर्षे अशी आहे. महाराष्ट्रात जून 2021 पासून आधारच्या पडताळणीवर घरबसल्या परीक्षा देण्याची सोय उपलब्ध आहे. ज्यांना ती नको असेल, त्यांनी कार्यालयात जाऊन परीक्षा द्यावी. परीक्षा मराठीतूनही देता येते. प्रश्न 15 असतात, त्यांपैकी किमान 9 उत्तरे बरोबर यावी लागतात आणि प्रत्येक प्रश्नाला ठरावीक सेकंदच मिळतात. नापास झाल्यास परीक्षेचे शुल्क भरून पुन्हा बसता येते.

अनेक जण मोबाइलवरील प्रश्नसंच पाठ करतात आणि तेवढ्यावर उत्तीर्णही होतात. तरीही नियमांनी या परीक्षेचे जे विषय ठरवून दिले आहेत, त्याच क्रमाने अभ्यास करणे अधिक हिताचे आहे. पहिला विषय चिन्हे, सिग्नल आणि रस्त्याचे नियम यांचा. चिन्हे एकेक करून लक्षात ठेवण्यापेक्षा त्यांचे आकार समजून घ्यावेत: वर्तुळातील चिन्ह आज्ञा देते, त्रिकोणातील चिन्ह सावध करते आणि निळ्या आयतातील चिन्ह माहिती देते, अष्टकोन फक्त 'थांबा'साठी आणि उलटा त्रिकोण 'रस्ता द्या'साठी राखलेला आहे. एवढे पक्के झाले, की अनोळखी चिन्हाचाही अर्थ पुष्कळसा उलगडतो. नियमांपैकी घाटाचा नियम तर आपल्याकडे रोज उपयोगी पडतो: रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. वरंध घाटात समोरासमोर अडकलेल्या गाड्या पाहिल्या, की हा नियम किती जणांनी केवळ गुणांपुरता वाचला होता हे कळते.

दुसरा विषय अपघातानंतरच्या कर्तव्यांचा आहे आणि तो घाईने वाचून सोडण्यासारखा नाही. चालकाने वाहन थांबवावे, जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी आणि शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, पोलिसांना कळवावे, असे कायदा सांगतो. तिसरा विषय चौकीदार नसलेल्या रेल्वे फाटकाचा. ब्रॉडगेज मार्गांवरील अशी फाटके 2019 च्या आरंभापर्यंत हटवण्यात आली असली, तरी हा विषय नियमांत कायम आहे. वाहन थांबवायचे, सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून रेल्वेगाडी येत नसल्याची खात्री करायची, हे उत्तर लक्षात असू द्यावे. चौथा विषय जवळ बाळगायच्या कागदपत्रांचा असून डिजिलॉकरमधील प्रतीही आता ग्राह्य धरल्या जातात.

घरबसल्या परीक्षेची सोय झाल्यापासून ती दुसऱ्याकडून सोडवून घेण्याची वाईट सवय काही ठिकाणी लागली आहे. हा तोतयेगिरीचा प्रकार आहे, हे तर खरेच; पण अपघातग्रस्ताला पाहून थांबायचे की निघून जायचे, हे ज्याने कधी वाचलेच नाही असा चालक त्यातून रस्त्यावर येतो आणि त्याची किंमत तिसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. एजंटाकडून अर्ज भरून घेतला, तरी परीक्षा स्वतःच द्यावी.

शिकाऊ काळात वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा, तसेच मोटार चालवताना पक्के लायसन्स असलेली व्यक्ती वाहन थांबवू शकेल अशा जागी शेजारी बसलेली हवी. एकट्याने गाडी घेऊन निघणे या काळात नियमबाह्य आहे.

पक्के लायसन्स मिळाल्यावर त्याची अखेरची तारीखही लगेच टिपून ठेवावी. 2019 च्या दुरुस्तीनंतर खासगी वाहनांसाठी तिशीच्या आत लायसन्स घेणाऱ्यास ते वयाच्या चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नास या वयात घेणाऱ्यास दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नमध्ये घेणाऱ्यास साठाव्या वर्षापर्यंत आणि त्यापुढे पाच वर्षांसाठी मिळते. मुदत संपल्यावर 30 दिवस ते चालत असे, ती जुनी सवलत याच दुरुस्तीने काढून टाकली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत करता येतो, मात्र त्या नंतरच्या वर्षात नूतनीकरण होईपर्यंत गाडी चालवण्याचा अधिकार मिळत नाही. ते वर्षही उलटले, तर वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते.